ओल्या रस्त्यावर चाक ‘जाम’ होतं तेव्हा

ओवे, खारघर, तळोजा भागात पावसाळ्यात जुन्या फोर-बाय-फोर जीप ब्रेक दाबताच घसरतात. अशा वेळी दोष लगेच टायरला देऊ नका. आधी कुठलं चाक अडतं ते पाहा. पुढची चाकं अडली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. मागची अडली तर शेपूट आडवी येते, आणि हे जास्त धोक्याचं.

एकच चाक अडत असेल तर त्याचा ड्रम उघडा. ॲक्सलचं ऑइल सील किंवा व्हील सिलिंडर गळून लायनर तेलकट झाला, की तो ड्रमला एकदम पकडतो. मागची दोन्ही अडत असतील तर लोडनुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह गंजून अडकलेला असू शकतो.

फोर-व्हीलमध्येच त्रास होतो का, हेही तपासा. मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीत फोर-व्हील लावलं की पुढचा-मागचा शाफ्ट जोडला जातो. मागची चाकं अडली की पुढचीही ओढली जातात. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना चाक अडू न देणारं एबीएस सक्तीचं आहे, पण त्याआधीच्या कित्येक जीपना ते नाही. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली असेल, तर टायर बदलाच.