दुर्बीण टिकेल का, हे कशावरून ठरवायचं?

ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरले की ऐरोलीच्या जेट्टीवर गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसं दिसू लागतात. खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. येऊरला, डोंबिवलीजवळच्या निळज्याला किंवा कल्याणच्या गांधारीला रविवारी सकाळी पक्षी बघायला जाणाऱ्या नवशिक्याचा प्रश्न ठरलेला असतो: एवढे पैसे घालतोय, तर दुर्बीण टिकेल ना? उत्तरं बहुधा ऐकीव मिळतात. आपल्याकडे खारा वारा, चिखल आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा आहे, त्यामुळे ऐकीव उत्तर महागात पडतं.

गैरसमज: ‘माझी दहा वर्षं चालतेय, डोळे मिटून घे.’

सांगणारा खोटं बोलत नाही, पण त्याच्याकडे अनुभव एकाच नगाचा आहे. समजा, एका मॉडेलच्या १०० दुर्बिणींपैकी १० पाच वर्षांत बिघडतात. हे प्रमाण वाईटच म्हणायचं. तरीही ९० मालक त्या दुर्बिणीची शपथ घेतील आणि तुमची गाठ बहुतेक त्यांच्यापैकीच कुणाशी तरी पडेल. उलट बिघडलेल्या दहांतला एखादा भेटला, तर तो अख्ख्या कंपनीला नावं ठेवेल.

मग दहा जणांना विचारलं आणि कुणाचीच बिघडलेली नसली तर? एवढ्यावरूनही फार काही सिद्ध होत नाही. संख्याशास्त्राच्या हिशेबाने, ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर बिघाडाचं खरं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास असण्याची शक्यता तेव्हाही उरतेच. ३० जणांना विचारून एकही बिघाड निघाला नाही, तर ही वरची मर्यादा १० टक्क्यांवर येते. १०० जणांना विचारलं तर ३ टक्क्यांवर. ३ ला माणसांच्या संख्येने भागायचं, की अंदाज मिळतो. दहा-बारांसाठी हा अंदाज थोडा ढोबळ आहे, पण तिसाच्या पुढे उत्तम चालतो.

शिवाय कपाटात राहून वर्षातून दोनदा बाहेर निघणारी दुर्बीण आणि दर आठवड्याला खाडीत बोटीवर जाणारी दुर्बीण यांची वर्षं सारखी मोजता येत नाहीत. मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली रचना बदललेली असते, तेही वेगळंच. म्हणून ‘चांगली आहे का?’ असं विचारू नका. ‘तुमच्या ओळखीत कुणाची बिघडली, काय बिघडलं, कुठे वापरत होते आणि दुरुस्त होऊन किती दिवसांनी आली?’ असं विचारा.

गैरसमज: ‘बंदुकीवर टिकते ती कुठेही टिकते.’

रायफल स्कोपच्या मजबुतीवरून इतर दुर्बिणींची मजबुती ठरवणारे बरेच भेटतात. मुळात स्कोपसुद्धा सरसकट मजबूत नसतो. भारी काडतुसाच्या रायफलीवर वर्षानुवर्षं नीट चाललेला स्कोप स्प्रिंगच्या साध्या एअर रायफलवर खिळखिळा होऊ शकतो. काडतुसाचा मुख्य धक्का मागे बसतो. स्प्रिंगच्या बंदुकीत आधी मागे धक्का बसतो आणि पिस्टन थांबताच पुढे हिसका बसतो. फक्त मागच्या धक्क्यासाठी बसवलेली भिंगं आणि नेमाच्या तारा या हिसक्याने हलतात. त्यामुळे जाणकार नेमबाज स्कोपचं वजन किंवा किंमत बघून समाधान मानत नाहीत. पाच-दहा गोळ्या झाडायच्या, स्कोपला ठोका द्यायचा, पुन्हा तेवढ्याच झाडायच्या आणि छिद्रांचा पुंजका सरकला का ते बघायचं, अशी त्यांची परीक्षा असते.

 

पक्षीनिरीक्षकाच्या दुर्बिणीला धोका असतो तो पडण्याचा आणि आपटण्याचा. तिच्या दोन नळ्या तंतोतंत एका दिशेला बघाव्या लागतात. टेबलावरून एकदा पडली तरी आतला प्रिझम केसभर सरकू शकतो. बाहेर ओरखडाही नसतो, चित्र स्वच्छ दिसतं, पण वीस मिनिटांत डोकं दुखायला लागतं. दुकानातल्या दोन मिनिटांत हे कळत नाही, कारण डोळे तेवढा वेळ सांभाळून घेतात. तपासायची रीत सोपी आहे. दुर्बीण कठड्यावर स्थिर ठेवा आणि दूरच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कडा धरा. मग डोळे हळूहळू वीतभर मागे न्या. दोन वेगळी वर्तुळं दिसू लागतील. दोन्हींत ती कडा एकाच उंचीवर हवी. एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली दिसली, तर ती दुर्बीण घेऊ नका, कितीही सवलत असली तरी. वर-खालीचा फरक डोळ्यांना फार वेळ झेपत नाही.

गैरसमज: ‘वॉटरप्रूफ लिहिलंय, म्हणजे काळजी मिटली.’

आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणारी. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरणारी. ही चाचणी साध्या पाण्यात, नव्या नमुन्यावर होते. खाऱ्या पाण्याबद्दल किंवा पाच वर्षांनी सुकलेल्या रबरी ओ-रिंगबद्दल ती काहीच सांगत नाही. ‘एक्स’ असेल तिथे धुळीचा आकडा दिलेलाच नसतो. वरचं रबरी आवरण पकडीसाठी आणि ठोक्यांसाठी असतं. पाणी अडवतं ते आतलं सील.

नायट्रोजनपेक्षा आर्गॉन भरलेली दुर्बीण फार सरस, हाही असाच प्रचार. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. वायू कोरडा असणं महत्त्वाचं आणि त्याहून महत्त्वाचं ते सील. आणि कुठलाही वायू भरला तरी एसी लोकलमधून उतरून ठाण्याच्या दमट हवेत आलात, की काचेवर बाहेरून वाफ धरणारच. तो दोष नाही. दहा मिनिटं थांबा.

‘मिलिटरी ग्रेड’वर जास्त शब्द घालवण्यात अर्थ नाही. मिल-स्टँडर्ड-८१० हा अमेरिकी लष्कराचा चाचणीपद्धतींचा संच आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या केल्या, हे कंपनीने सांगितलं नसेल तर त्या शब्दांना किंमत नाही. आजीवन वॉरंटीचंही तसंच. ती दुरुस्तीचं आश्वासन देते, मजबुतीचं माप देत नाही. परदेशातून आणलेल्या नगाला ती इथे लागू आहे का, हे आधी लेखी विचारून घ्या.

गैरसमज: ‘महागडी दुर्बीण तिच्या चामडी पेटीत जपून ठेवली की झालं.’

ठाणे-कल्याण पट्ट्यात ही चूक फार महागात पडते. ओलसर चामडं आणि मखमल म्हणजे बुरशीला आयतं घर. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली, की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. तंतू पुसता येतात, खाल्लेला लेप परत येत नाही. पेटी फक्त प्रवासात वापरा. घरी घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहिला की पुरे. निळं जेल गुलाबी झालं की तापवून पुन्हा वापरता येतं. तांदूळ या कामाचे नाहीत, आणि कापराची वाफ काचेवर थर धरते.

खाडीवरून आल्यावर आधी ब्लोअरने कण उडवा, मगच ओलसर मऊ कपड्याने मीठ पुसा. वाळलेला चिखल कोरडा घासलात तर ओरखडे कायमचे. जुनी दुर्बीण विकत घेताना मोठ्या भिंगाच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून दुसरीकडून तिरपं बघा: तंतू, धुरकट पट्टा किंवा पाण्याच्या थेंबाचे डाग लगेच दिसतात. तंतू आतल्या बाजूला असतील तर घरी स्क्रू फिरवू नका; उघडली की नळ्यांची दिशा बिघडते आणि कोरडा वायूही जातो.