मालवणी मसाला आणि टीआरपीव्ही१

उन्हाळ्यात मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या की मालवणात अख्ख्या वाडीला ठसका लागतो. त्यामागे आहे १७ व्या गुणसूत्रावरचा आपला ‘टीआरपीव्ही१’ जनुक. त्याच्यापासून चेतापेशीच्या पृष्ठभागावरचा एक ग्राही बनतो. मिरचीतलं कॅप्सेसिन चिकटलं की तो उघडतो, कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरची उष्णताही हाच ग्राही उघडते, म्हणून कढत रस्सा जास्तच झोंबतो! डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने १९९७ मध्ये हा ग्राही शोधला. २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मला सर्वांत विलक्षण वाटतात ते पक्षी: त्यांच्या ग्राहीला कॅप्सेसिन जवळजवळ जाणवतच नाही, पोपट मिरच्या खुशाल खातो. कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. तोंड पोळलं तर आधी नारळाच्या रसाची सोलकढी घ्या.