डेटाबेसमधील ब्लॉब वाचताना उद्भवणाऱ्या त्रुटी : निदान व निवारण

विद्यार्थ्यांची छायाचित्रे, स्वाक्षऱ्या, गुणपत्रकांच्या स्कॅन प्रती डेटाबेसमध्ये ज्या स्वरूपात साठविल्या जातात, त्यास बायनरी लार्ज ऑब्जेक्ट, संक्षेपाने ‘ब्लॉब’, असे संबोधले जाते. छायाचित्र पडद्यावर उमटले नाही की दोष वाचणाऱ्या प्रोग्रॅमचा मानला जातो व दुरुस्तीही तेथेच सुरू होते. वस्तुतः पुष्कळदा दोष साठवणुकीच्या वेळीच निर्माण झालेला असतो. वाचताना तो केवळ उघडकीस येतो. म्हणून प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी साठविलेल्या घटकाची लांबी व त्याचे आरंभीचे बाइट तपासणे इष्ट ठरते.

मायएसक्यूएलमध्ये ब्लॉब प्रकारच्या स्तंभाची कमाल मर्यादा ६५,५३५ बाइट आहे. स्ट्रिक्ट मोड बंद असल्यास त्याहून मोठे छायाचित्र केवळ इशारा देऊन तोडले जाते. हा इशारा सहसा कोणी वाचत नाही. पुढे चित्राचा वरचा भाग दिसतो व खालचा करडा राहतो. अनेक नोंदींची लांबी नेमकी ६५,५३५ आढळल्यास अन्य पुराव्याची आवश्यकता उरत नाही. २०१५ मधील ५.७ आवृत्तीपासून हा मोड मूलतः चालू असतो. तो बंद करून चालविलेल्या प्रणालींत धोका कायम राहतो. स्तंभ मीडियमब्लॉब केल्यास मर्यादा १,६७,७७,२१५ बाइट होते, परंतु तुटलेला भाग परत येत नाही. मूळ कागद पुन्हा स्कॅन करावा लागतो.

आरंभीच्या बाइटांचे महत्त्व मायक्रोसॉफ्टच्या ‘नॉर्थविंड’ या नमुना डेटाबेसवरून स्पष्ट होते. त्यातील वर्गवारीची चित्रे बिटमॅप असूनही त्यांच्या आरंभी ७८ बाइटांचे ओएलई शीर्ष जोडलेले आहे. ते वगळल्याविना वाचल्यास डॉट नेट प्रणाली चित्र नाकारते. बिटमॅपचा आरंभ ६६, ७७ या बाइटांनी, तर जेपेगचा २५५, २१६ यांनी होतो.

या दोन्ही कसोट्या उतरल्यावरच वाचनाकडे वळावे. जावामध्ये प्रवाहातून एकदा वाचले असता मागितले तितके बाइट मिळतीलच असे नाही. अंत येईपर्यंत आवर्तन चालू ठेवावे लागते. ब्लॉबचे मजकुरात रूपांतर करणे ही चूक अधिक घातक होय. यूटीएफ-८ मध्ये न बसणाऱ्या बाइटांच्या जागी २३९, १९१, १८९ ही त्रयी येते. असे रूपांतर होऊन पुन्हा साठविलेली नोंद कोणत्याही प्रोग्रॅमने पूर्ववत करता येत नाही.