फोर्टमध्ये राहतं कोण?

संध्याकाळी साडेसहाला हुतात्मा चौकात थांबून पाहावं. माणसांचे दोन लोंढे समोरून जातात, एक चर्चगेटकडे आणि दुसरा सीएसएमटीकडे. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखाली दिवसभर पट्टे, मोबाइलची कव्हरं, जुनी पुस्तकं विकणारे आपली गाठोडी बांधू लागतात. नोटरी, टंकलेखक, झेरॉक्सवाले शटर ओढतात. आठ वाजेपर्यंत या रस्त्याची अर्धी जान निघून गेलेली असते. मात्र तिथून चालत दहा मिनिटांवर, काळा घोड्याच्या गल्ल्यांत त्याच वेळी गाड्या येऊ लागतात. उपाहारगृहांच्या दारात नाव नोंदवून लोक ताटकळत उभे असतात. एकाच फोर्टमधली ही दोन चित्रं आहेत. तिसरं चित्र बोरा बाजाराच्या गल्ल्यांत, दुकानांच्या वरच्या मजल्यांवर आहे, आणि ते पाहायला सहसा कोणी जात नाही. फोर्टच्या पुनरुज्जीवनाची गोष्ट सांगायची तर या तिन्ही ठिकाणी जावं लागतं.

फोर्ट म्हणजे जुना कोट. ईस्ट इंडिया कंपनीच्या या तटबंदीच्या शहराला तीन दरवाजे होते: अपोलो, चर्च आणि बाजार. आतल्या वस्तीचे दोन भाग होते. दक्षिणेला इंग्रजांची घरं, कचेऱ्या, चर्च. उत्तरेला, बाजार गेटच्या बाजूला, पारशी, बनिया, बोहरी व्यापाऱ्यांची दाट वस्ती. १७०९ची बनाजी लिमजी अग्यारी, मुंबईतली सर्वांत जुनी, याच उत्तर भागात आजही उभी आहे. सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८चं. १८०३च्या फेब्रुवारीत उत्तरेकडच्या वस्तीला मोठी आग लागली. त्यानंतर कोटाबाहेर नवी वस्ती वाढू लागली, पण व्यापाऱ्यांनी कोट सोडला नाही. खाली पेढी, वर बिऱ्हाड अशीच रीत राहिली. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झालं, त्याच सुमारास हा तट पाडायचं काम सुरू होत होतं. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी तटबंदी काढून टाकण्यासाठी समिती नेमली, खंदक बुजवले गेले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढच्या दोन-तीन दशकांत उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, तारघर उभं राहिलं. शहराचा मध्य जुना झाला, कोंदटला, म्हणून त्याची पुन्हा मांडणी करायची, हे फोर्टने दीडशे वर्षांपूर्वीच एकदा अनुभवलं आहे.

हॉर्निमन सर्कल हा त्या मांडणीचा उत्तम नमुना. टाउन हॉलसमोरचं उघडं मैदान तेव्हा ओंगळ झालं होतं. पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांनी तिथे गोल बाग आणि तिच्याभोवती एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारतींची कल्पना मांडली, आणि १८७२ पर्यंत ती पुरी झाली. एकाच उंचीच्या कमानी, एकाच रेषेतले सज्जे, खाली सावलीतून जाणारी पायवाट. भर उन्हात बँक स्ट्रीटकडून इथे आलं की या नियोजनाचं मोल अंगाला कळतं. बागेच्या कडेलाच ‘मुंबई समाचार’ची लाल इमारत आहे. १८२२पासून अखंड चालू असलेलं हे वृत्तपत्र आशियात सर्वांत जुनं. शेअर दलालांचा बाजारही याच परिसरात, टाउन हॉलसमोरच्या वडाखाली भरायचा. पुढे तो दलाल स्ट्रीटला गेला.

मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोर्टची कळा उतरली. त्याचं एक कारण कायद्यात आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना ते संरक्षण हवंच होतं, पण तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली. भाडं महिना काही शे रुपये आणि गच्चीची गळती काढायचा खर्च लाखांत. मालक इमारतीकडे फिरकेनासे झाले. व्यवहार पागडीवर चालू लागले. दुसरं कारण नकाशात आहे. आधी नरिमन पॉइंट, मग लोअर परळ आणि वांद्रे-कुर्ला संकुल. बँकांची मुख्यालयं, राष्ट्रीय शेअर बाजार, हिरे बाजार एकेक करून उत्तरेकडे सरकले. १९९९च्या नव्या कायद्याने बँका आणि एक कोटीहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांचं भाडेसंरक्षण काढून घेतलं, तेव्हा स्वस्त जागेसाठी फोर्टमध्ये थांबायचं शेवटचं कारणही त्यांना उरलं नाही.

उतरणीच्या याच काळात काही माणसांनी उलट दिशेने काम सुरू केलं. १९९५ साली मुंबईत वारसा इमारतींसाठी नियमावली आली, देशातली ती पहिली. सहाशेच्या वर वास्तू आणि परिसर संरक्षित यादीत आले. त्यानंतर काही वर्षांतच दादाभाई नौरोजी रस्त्यावर जे घडलं ते मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचं वाटतं. तेव्हा या रस्त्यावरच्या दगडी इमारती दिसतच नव्हत्या. कमानींवर, कोरीव स्तंभांवर, खिडक्यांवर चढलेले दुकानांचे फलक, प्लॅस्टिकचे डबे, एसीचे सांगाडे. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी रस्त्याचा अभ्यास करून साधी नियमावली मांडली: फलक कमानीच्या आत बसला पाहिजे, दगड झाकला जाता कामा नये, अक्षरं बेताची. सक्तीपेक्षा समजूत जास्त घातली गेली. दुकानदारांनी स्वतःच्या खर्चाने फलक उतरवले, नवे लावले. मग रस्त्यावरून चालणाऱ्याला पहिल्यांदाच वर बघावंसं वाटलं. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या प्रकल्पाचा गौरव झाला. कमानीखालच्या चष्म्याच्या किंवा बुटांच्या दुकानाने आपला फलक दीड फूट खाली आणला, आणि त्यातून एक अख्खा रस्ता शहराला परत मिळाला.

काळा घोड्याची वाट वेगळी. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा घोड्यावरचा पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला आणि १८७९ साली तो इथे बसवला गेला. १९६५ साली तो हलवला. आता तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. पुतळा गेला तरी नाव राहिलं. १९९८ साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली, १९९९पासून फेब्रुवारीत कला महोत्सव भरू लागला. त्या दिवसांत जहांगीर कलादालनासमोरचा रस्ता वाहनांना बंद होतो आणि सारं मोफत असतं. डोंबिवलीहून आलेलं कुटुंब, जे.जे.चे विद्यार्थी, परदेशी पाहुणे एकाच रस्त्यावर खांद्याला खांदा लावून फिरतात. महोत्सवाने हा भाग लोकांच्या मनात पुन्हा आणला आणि दुरुस्त्यांनाही जोर आला. केनेसेथ एलियाहू हे निळं सिनेगॉग १८८४चं, त्याचं जतनकाम २०१९ साली पुरं झालं. त्याच वर्षी फ्लोरा फाउंटन पुन्हा वाहतं झालं. पाठोपाठ डेव्हिड ससून वाचनालयाची पाळी आली. २०१७ साली घोडाही परत आला, या वेळी स्वाराविना.

घोड्याच्या मागे रोप वॉक लेन आहे. एके काळी इथे जहाजांचे दोर वळले जात. आता या गल्ल्यांत कॉफीची, कपड्यांची, कलेची दुकानं आणि महागडी उपाहारगृहं आहेत. खाणं हा फोर्टचा जुनाच धर्म. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३चं. तिथला बेरी पुलाव खायला परप्रांतातून माणसं येतात. मालक बोमन कोहिनूर हयात होते तोवर स्वतः टेबलाशी येऊन विचारपूस करत. २०१९ साली ते गेले. कावसजी पटेल स्ट्रीटवर याझदानी बेकरीचा ब्रून मस्का आहे, महेश लंच होमचं खेकड्याचं कालवण आहे. जुन्या ठिकाणांपैकी बरीचशी मुख्यतः दुपारच्या जेवणावर जगली, कारण गिऱ्हाईक कचेरीतलं होतं. कचेऱ्या पांगल्या तसं त्यांचं गणित अवघड झालं. नवी उपाहारगृहं रात्रीवर चालतात. त्यांचं गिऱ्हाईक वरळीहून, वांद्र्याहून येतं आणि जेवून परत जातं. नव्याने भाडी चढतात तशी जुनी ठिकाणं गळतातही. जहांगीरमधलं समोवार २०१५ साली बंद झालं, ऱ्हिदम हाउस २०१६ साली. ही दोन्ही ठिकाणं कॉलेजच्या मुलाला खिशात फार पैसे नसताना तासभर बसू देत किंवा ऐकू देत. त्यांच्या जागी काय आलं यापेक्षा तसं काय आलं नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

आता तिसऱ्या चित्राकडे. सीएसएमटीच्या समोरून पेरीन नरिमन स्ट्रीटमध्ये, म्हणजे जुन्या बाजार गेट स्ट्रीटमध्ये शिरावं. खाली कॅमेऱ्यांची, लग्नपत्रिकांची, स्टेशनरीची, रबरी शिक्क्यांची दुकानं. दोन दुकानांच्या मधून अरुंद लाकडी जिना वर जातो. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कठड्याऐवजी वरून सोडलेला जाड दोर, पिढ्यांच्या तळव्यांनी काळा-गुळगुळीत झालेला. पहिल्या मजल्यावर वकिलाची कचेरी, दुसऱ्यावर गोदाम, तिसऱ्यावर घर. दारात रांगोळी किंवा तोरण, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, आणि गॅलरीला खालून दिलेले लोखंडी टेकू. हे टेकू तात्पुरते म्हणून लागतात आणि वर्षानुवर्षं राहतात. इथे राहणाऱ्यांना भाजी, दवाखाना, मुलांची शाळा, सगळं चालत गाठता येतं. मुंबईत आज कुठल्याही नव्या संकुलाच्या जाहिरातीत ज्याचं स्वप्न विकतात, ते या लोकांकडे आधीपासून आहे. फक्त डोक्यावरचं छप्पर भरवशाचं नाही.

१६ जुलै २०२० रोजी मिंट रोडवरची भानुशाली इमारत कोसळली आणि दहा माणसं मेली. टाळेबंदीचे, भर पावसाळ्याचे दिवस होते. शहरात अशा जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ स्थापन करणारा कायदा १९६९चा आहे. उपकरप्राप्त म्हणून तेव्हा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या होत्या. मंडळ पुढे म्हाडात गेलं. रहिवासी उपकर भरतात, दुरुस्तीच्या यादीत नाव लागायची वाट बघतात, धोकादायक ठरलेल्या इमारतीतून संक्रमण शिबिरात जायला धास्तावतात, कारण तिथे गेलेली माणसं वर्षानुवर्षं परतलेली नाहीत हे त्यांनी पाहिलेलं असतं. बाकीचे घर विकून, पागडीतला मालकाचा हिस्सा देऊन, विरार किंवा ठाण्याला निघून जातात. कुलाबा, फोर्ट, चर्चगेट ज्यात येतात त्या महापालिकेच्या ए विभागाची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत दोन लाख दहा हजारांच्या घरात होती. २०११ साली ती एक लाख पंच्याऐंशी हजारांवर आली. रिकाम्या झालेल्या खोल्यांत गोदामं येतात.

वस्ती टिकण्याचं महत्त्व किती, हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. ओव्हल मैदान नव्वदच्या दशकात उकिरड्यासारखं झालं होतं. आजूबाजूच्या रहिवाशांनी संघटना केली, न्यायालयात धाव घेतली आणि मैदानाची देखभाल स्वतःकडे घेतली. मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको. त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळावा म्हणून नागरिकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने ९४ इमारतींच्या या समूहाला तो दर्जा दिला. आर्ट डेकोच्या त्या इमारतींत माणसं राहतात, म्हणून मैदानासाठी भांडायला कोणी तरी होतं. बोरा बाजारातल्या रहिवाशाकडे तितका पैसा नाही, इंग्रजी अर्जांची सवय नाही. त्याच्या गल्लीतल्या अग्यारीसाठी, पाणपोईसाठी, वाकलेल्या गॅलरीसाठी भांडायचं बळ त्याला कोणी तरी द्यायला हवं. दर्शनी भागाच्या सफाईला निधी मिळतो तर जिन्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांच्या दुरुस्तीलाही मिळाला पाहिजे. भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला स्वस्त व्याजाचं कर्ज, दुरुस्तीच्या काळात त्याच विभागात तात्पुरती जागा, आणि वरच्या मजल्यांवर गोदामांऐवजी घरांना प्राधान्य. पाडून टॉवर बांधण्यापेक्षा हे कटकटीचं आहे, मान्य. पण टॉवर आला की गल्ली जाते, आणि गल्ली गेली की उरतं ते फोर्ट नव्हे.

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि हुतात्मा चौकाला स्वतःचं स्थानक मिळालं. बोगद्याच्या कामात जे. एन. पेटिट वाचनालयाच्या इमारतीला धोका पोहोचतोय म्हणून तिच्या विश्वस्तांना न्यायालयात जावं लागलं होतं, हे विसरू नये. तरीही या मेट्रोचं मी मनापासून स्वागत करतो. आरेपासून कफ परेडपर्यंतचा माणूस आता गाडी न काढता फोर्टला येऊ शकतो. तो आला तर त्याने काळा घोड्याला जरूर जावं, पण आधी दुपारी बाराच्या सुमारास ब्रिटानियात जेवावं, तिथून टाउन हॉलच्या पायऱ्या, हॉर्निमन सर्कलची बाग, मग बनाजी लिमजीच्या अग्यारीवरून पेरीन नरिमन स्ट्रीट धरावा. अग्यारीत पारशांशिवाय इतरांना प्रवेश नसतो, बाहेरूनच पाहावी. बोरा बाजारात काही तरी विकत घ्यावं. वही, शिक्का, काहीही. आणि दुकानदाराला विचारावं, वर अजून कोणी राहतं का.