बंदीच्या दोन महिन्यांत टाकीतलं डिझेल कसं सांभाळायचं?



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बोटी किनाऱ्याला. जाळी दुरुस्त करणं, रंगकाम, इंजिनचं काम हे सगळं आपण आठवणीने करतो. टाकीत उरलेल्या डिझेलकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मग ऑगस्टच्या पहिल्याच फेरीला इंजिन गचके खातं आणि बंद पडतं. तेही नेमकं शापोरा किंवा बेतूलच्या मुखाशी, जिथे वाळूच्या पट्ट्यावर लाट फुटत असते. तिथे इंजिन गेलं तर बोट आणि माणसं दोन्ही धोक्यात. म्हणून डिझेल घेण्यापासून साठवण्यापर्यंतच्या गोष्टी एकत्र लिहितो आहोत. घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या.

डिझेलमध्ये पाणी येतं कुठून?

टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या जागेत हवा असते. दिवसा ती तापून फुगते आणि थोडी बाहेर जाते. रात्री थंड झाली की टाकी बाहेरची दमट हवा आत ओढते. त्या हवेतली वाफ टाकीच्या आतल्या पत्र्यावर थेंब होऊन जमते आणि खाली उतरते. एका रात्रीत हे पाणी दिसणारही नाही, पण पावसाळ्यात ६१ रात्री असंच चालतं.

पाणी डिझेलपेक्षा जड. एक लिटर डिझेल साधारण ८२० ते ८५० ग्रॅम भरतं, पाणी १,००० ग्रॅम. म्हणून पाणी तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढते. तपकिरी-काळा, बुळबुळीत चिखल तयार होतो. बोट उभी असताना तो शांत तळाला पडून असतो. समुद्रात बोट हलली की तो ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबतो. जेटीवर इंजिन छान चालतं आणि लाटेत बंद पडतं, त्याचं एक मोठं कारण हे आहे. पाणी पुढे पंप आणि नोझलपर्यंत गेलं तर गंज धरतो आणि खर्च कितीतरी वाढतो.

घेताना काय बघायचं?

मीटर शून्यावर आहे का बघा. मापाची शंका असेल तर पंपावरचं शिक्क्याचं ५ लिटरचं माप मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. ५ लिटरला २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर तक्रार करा. २५ मिलिलिटर किरकोळ वाटतं, पण २०० लिटरच्या बॅरलला तेच १ लिटर होतं.

भेसळीची शंका असेल तर घनता तपासून मागा. पंपावर ५०० मिलिलिटरची नळी, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर असतो. १५ अंशाला आणून काढलेला आकडा आणि नोंदवहीतला आकडा यात घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त फरक नको. केरोसीन मिसळलं की घनता उतरते. शिवाय केरोसीनला डिझेलसारखा तेलकटपणा नसतो, त्यामुळे पंप आणि नोझल लवकर झिजतात. समुद्रात किंवा रस्त्याकडेला कुणी बिलाशिवाय स्वस्त डिझेल देत असेल तर घेऊ नका. त्यात काय आहे ते कळत नाही, आणि सवलतीचा दावा करायचा तर बिल लागतंच.

बंदीआधी टाकी भरून ठेवा

आधी तळाचा कॉक उघडून पाणी आणि गाळ काढा. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. मग टाकी भरा. वर हवा कमी राहिली तर पाणीही कमी धरतं. पण काठोकाठ भरू नका, साधारण ५ टक्के जागा सोडा. उन्हाने डिझेल फुगतं: तापमान १५ अंश वाढलं तर २०० लिटरला सुमारे अडीच लिटर वाढ होते.

एक लक्षात असू द्या. बोट ओढून वर घ्यायची असेल तर आधी ओढा, नंतर भरा. ५०० लिटर डिझेल म्हणजे चारशे किलोंच्या वर वजन. ते ओढताना दोर आणि बोट दोघांनाही जड जातं.

बॅरलमध्ये ठेवायचं असेल तर

उभं बॅरल पावसात ठेवलं की वरच्या पत्र्यावर पाणी साचतं. बूच घट्ट वाटलं तरी रात्री बॅरल थंड होताना तेच पाणी बुचातून आत ओढलं जातं. म्हणून छपराखाली ठेवा. ते जमत नसेल तर आडवं ठेवा आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी, म्हणजे आत डिझेलखाली येतील असं करा. खाली लाकडी फळ्या घाला, ओल्या जमिनीवर तळ गंजतो.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा डिझेलला चालत नाही, जस्त त्यात उतरून नोझल खराब करतं. तांबं-पितळही नको. डिझेलसाठी बनवलेला प्लास्टिकचा कॅन चालतो, पाण्याची किंवा तेलाची जुनी बाटली नको. बॅरलवर भरल्याची तारीख लिहा आणि जुनं आधी वापरा. आपल्याकडच्या दमट हवेत तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त साठा धरू नये.

पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण एकाही भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसावं.

आगीची काळजी

बंदीच्या दिवसांत बोटीवर वेल्डिंग चालतं. रिकामी टाकी म्हणजे सुरक्षित टाकी नव्हे. तळाला थोडं डिझेल राहिलं आणि वर हवा असली की वेल्डिंगच्या उष्णतेने त्यातून वाफ निघते आणि स्फोट होऊ शकतो. टाकीला किंवा तिच्या शेजारी वेल्डिंग करायचं असेल तर टाकी पूर्ण उपसून, धुऊन, वाफ काढून, जाणत्या माणसाकडूनच काम करून घ्या. डिझेलने भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात साठवू नका. जवळ बिडी-सिगारेट नको. फोम किंवा ड्राय पावडरचं विझवण्याचं नळकांडं आणि कोरड्या वाळूची बादली हाताशी ठेवा. पेटलेल्या डिझेलवर पाणी टाकू नये, आग पसरते.

१ ऑगस्टच्या आधी

तळाचा कॉक उघडून पहिलं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. तळाला पाणी बसलं, डिझेल गढूळ दिसलं किंवा कुजका वास आला तर ते वापरू नका, टाकी साफ करा. फिल्टर बदला, सेपरेटरची वाटी रिकामी करा, मग लाइनमधली हवा काढा. जेटीवरच इंजिन अर्धा तास जोर देऊन चालवा. एक जादा फिल्टर आणि त्याचा पाना बोटीवर असूच दे.

काढलेलं घाण डिझेल खाडीत ओतू नका. आपलीच मासळी त्यात वाढते. ते वेगळ्या डब्यात ठेवा आणि वापरलेलं तेल रीतसर घेणाऱ्याला द्या.

टाकी बघायला हात कमी पडत असतील तर सोसायटीत या, मिळून करू. यंदाची पहिली फेरी सगळ्यांना सुखरूप जावो.