‘सोलर स्टेडियम’ म्हणजे नक्की किती सोलर?

संध्याकाळची वेळ. ताडकळसमध्ये लाईट गेलेली, पण मोबाईल डेट्यावर मॅच चालूच आहे. ओव्हर संपते आणि मध्येच एक रील येतं : ‘हे क्रिकेट स्टेडियम सौरऊर्जेवर चालतं!’ फोटोत छतावर निळ्या पॅनलच्या रांगा. मनात पहिला प्रश्न येतो, मॅच साडेसातला सुरू झाली, मग सूर्य कुठून आणला?

प्रश्न बरोबर आहे. उत्तर समजून घेऊ, कारण तेच गणित उद्या तुमच्या घराच्या छतावरही लागणार आहे.

आपल्याच राज्यातलं उदाहरण

मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं मैदान. टाटा पॉवर सोलरने तिथे 820.8 किलोवॉटची सोलर यंत्रणा बसवली. 2019 मध्ये ती जाहीर झाली तेव्हा क्रिकेट स्टेडियमच्या छतावरची जगातली सर्वांत मोठी यंत्रणा म्हणून तिचं वर्णन झालं. सोबत आणखी तीन आकडे दिले होते : वर्षाला सुमारे 11 लाख 20 हजार युनिट वीज, 840 टन कार्बनची बचत आणि वीजखर्चात 25 टक्के घट.

आता हे आकडे क्रिकेटच्या भाषेत वाचू.

किलोवॉट म्हणजे रनरेट, युनिट म्हणजे धावा

एक किलोवॉटने एक तास वीज मिळाली की एक युनिट होतं. म्हणजे किलोवॉट हा वेग आणि युनिट ही बेरीज. त्यातही पॅनलवर लिहिलेला किलोवॉटचा आकडा हा कडक उन्हातला सर्वोत्तम वेग असतो. पॉवरप्लेचा रनरेट वीस ओव्हर टिकत नाही, तसंच हे. सकाळ-संध्याकाळ तो उतरतो, ढगात पडतो, रात्री शून्य.

भागाकार करून बघा. 11.20 लाख युनिट भागिले 820.8 किलोवॉट, भागिले 365 दिवस. उत्तर येतं दर किलोवॉटमागे दिवसाला साधारण पावणेचार युनिट. म्हणून कुणी फक्त किलोवॉट सांगितले तर लगेच विचारा, ‘वर्षाला युनिट किती?’

25 टक्के की 100 टक्के?

बातमीचा मथळा ‘सोलर स्टेडियम’ असतो, पण आतला आकडा वीजखर्चात पाव हिस्सा बचतीचा असतो. पाव हिस्सा ही छोटी गोष्ट नाही! पण उरलेले तीन हिस्से सांगितले नाहीत, तर वाचणारा शंभर टक्के धरून चालतो. इथे आकडा खोटा नसतो, शब्द मोठा असतो.

मग रात्रीच्या मॅचचं काय?

इथे तीन मार्ग असतात.

पहिला, नेट मीटरिंग. दुपारची जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते, रात्री ग्रिडमधून घेतलेली तिच्यातून वजा होते. हा हिशोब आहे. फ्लडलाइटमध्ये त्या क्षणी येणारी वीज परळीसारख्या कोळशाच्या केंद्रातलीही असू शकते.

दुसरा, हरित वीज विकत घेणं. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये ही सोय सुरू केली, तेव्हा त्यासाठी युनिटमागे 66 पैसे जादा ठरवले होते. ग्राहकाला प्रमाणपत्र मिळतं, पण तार तीच आणि वीजही तीच मिसळलेली.

तिसरा, बॅटरी. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ अरेनाच्या छतावर सुमारे 4,200 पॅनल आहेत. 2018 मध्ये तिथे वापरलेल्या आणि नव्या इलेक्ट्रिक कार-बॅटऱ्यांचा मोठा साठा बसवला. एकूण क्षमता 2.8 मेगावॉट-तास, म्हणजे 2,800 युनिट. दिवसाची वीज रात्री खरोखर वापरायची तर असा साठा लागतो.

तिन्ही मार्ग चांगलेच आहेत. फक्त कोणता मार्ग वापरला, हे सांगायला हवं. पुरावा न देता मोठा दावा केला तर तो अंगाशी येतो. 2022 चा फुटबॉल वर्ल्ड कप ‘कार्बन न्यूट्रल’ असल्याचा दावा फिफाला सिद्ध करता आला नाही, असं स्वित्झर्लंडच्या जाहिरात-नियमन आयोगाने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं.

आता आपल्या छताकडे या

आमच्या मामांनी घरावर 3 किलोवॉटचे पॅनल बसवले. विकणारा म्हणाला होता, ‘आता लाईटचं टेन्शनच नाही.’ पहिल्याच आठवड्यात भर दुपारी लाईट गेली आणि सोलरही बंद! मामा म्हणाले, ‘अरे, ऊन तर डोक्यावर आहे की!’

यंत्रणा बिघडली नव्हती. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईट गेली की मुद्दाम बंद होतो. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या घरातून जाणाऱ्या विजेचा शॉक बसेल. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि त्याला चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर लागतो. खर्च वाढतो, म्हणून हे आधीच विचारायचं.

पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. ब्रेबॉर्नच्या हिशोबाने 3 किलोवॉटचे महिन्याला साधारण 335 युनिट होतात. फायदा नक्की आहे. पण ‘शून्य बिल’ म्हणणाऱ्याला बिलातला स्थिर आकार दाखवा, तो राहतोच.

म्हणून स्टेडियम असो की घर, चारच प्रश्न विचारा : वर्षाला युनिट किती? एकूण वापराच्या किती टक्के? रात्री वीज कुठून? आणि लाईट गेल्यावर काय?

चारही उत्तरं सरळ मिळाली तर पुढचं बोला. मामांनी आता शेजाऱ्याला चौथा प्रश्न पहिला विचारायला सांगितलंय.