संगणकीय शब्दसंग्रहाची मालकी : ओरॅकल-गूगल वादाचा भाषाशास्त्रीय विचार

शब्द कोणाच्या मालकीचा असतो, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला सहसा पडत नाही. शब्द घडविणारा एखादा असू शकतो. 'महापौर' हा शब्द सावरकरांनी रूढ केला, असे आपण नेहमी सांगतो. परंतु महापौरांना पत्र लिहिणाऱ्या नागरिकाने सावरकरांच्या वारसांची अनुज्ञा घ्यावी, असे कोणी म्हणणार नाही. शब्द रूढ झाला की त्याच्या कर्त्याचा हक्क केवळ स्मरणापुरता उरतो. हा सिद्धान्त इतका उघड वाटतो की तो सिद्धान्त आहे, हेच आपण विसरतो. अमेरिकेच्या न्यायालयांत मात्र २०१० ते २०२१ अशी अकरा वर्षे ह्याच प्रश्नावर वाद चालला, आणि वादीने एका टप्प्यावर मागितलेली भरपाई सुमारे ९०० कोटी डॉलरांची होती. वादी ओरॅकल ही कंपनी, प्रतिवादी गूगल, आणि वादविषय 'जावा' ह्या संगणकभाषेतील काही हजार नावे.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीने १९९५ साली प्रसिद्ध केली. भाषा म्हणून तिचे व्याकरण आटोपशीर आहे; तिचे खरे वैभव तिच्याबरोबर दिलेल्या शब्दसंग्रहात आहे. दोन संख्यांतील मोठी कोणती ते सांगणे, शब्दांची यादी वर्णक्रमाने लावणे, फाइल उघडणे, अशी नित्याची कामे प्रत्येक आज्ञावलीकाराने नव्याने लिहू नयेत म्हणून ती तयार करून प्रत्येकाला नाव दिलेले असते. आज्ञावलीकार ते नाव उच्चारतो आणि काम होते. ह्या नावांच्या व ती वापरण्याच्या नियमांच्या समुच्चयास 'एपीआय' म्हणतात.

अशा प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात. पहिली ओळ घोषणेची. 'मॅक्स' हे नाव, ते दोन पूर्णांक घेते, एक पूर्णांक परत देते. एवढेच ती सांगते. त्यापुढील ओळी प्रत्यक्ष कृतीच्या : पहिली संख्या दुसरीशी ताडून पाहा, मोठी असेल ती परत कर, इत्यादी. भारतीय व्याकरणपरंपरेत वाढलेल्या वाचकाला ही घोषणा ओळखीची वाटेल. 'देणे' ह्या क्रियापदाला कर्ता, कर्म आणि संप्रदान यांची आकांक्षा असते. 'झोपणे' ह्यास केवळ कर्त्याची. क्रियापद शिकणे म्हणजे त्याची ही आकांक्षा शिकणे होय. घोषणेची ओळ म्हणजे नाव आणि त्याची आकांक्षा, ह्यापलीकडे काही नाही. दान कसे द्यावे, हे 'देणे' ह्या क्रियापदात सांगितलेले नसते; ते कृतिभागाचे काम.

गूगलने अँड्रॉइड ही मोबाइल फोनसाठीची कार्यप्रणाली सिद्ध करताना जावाच्या १६६ शब्दसमूहांपैकी ३७ समूहांतील घोषणा जशाच्या तशा घेतल्या. त्या सुमारे ११,५०० ओळी होत्या. जावाच्या ह्या संपूर्ण संग्रहाच्या २८ लाख ६० हजार ओळींशी तुलना केल्यास हे प्रमाण ०.४ टक्के भरते. कृतिभाग मात्र गूगलने सनकडून घेतला नाही. तो स्वतंत्रपणे सिद्ध केला. परवान्याविषयी सनशी आधी बोलणी झाली होती व ती फिसकटली होती. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दावा गुदरला.

पुढील प्रवास विलक्षण वळणांचा आहे. २०१२ साली न्यायमूर्ती विल्यम ऑल्सप यांनी असा निर्णय दिला की ही नावे व त्यांची मांडणी ही एक कार्यपद्धती आहे, आणि अमेरिकन कायद्यानुसार कार्यपद्धतीवर प्रताधिकार चालत नाही. २०१४ साली फेडरल सर्किट ह्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. २०१६ मध्ये ज्युरीने गूगलचा वापर 'न्याय्य वापर' ठरविला. २०१८ मध्ये त्याच अपील न्यायालयाने तोही रद्द केला. अखेर ५ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने कौल दिला.

अपील न्यायालयाचा २०१४ चा युक्तिवाद भाषाशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे, आणि तो सहजी झटकून टाकण्याजोगा नाही. सनच्या कल्पकांना 'मॅक्स' ऐवजी दुसरे कोणतेही नाव ठेवता आले असते, सातशे प्रकारे वर्गवारी करता आली असती. पर्याय अनेक असताना त्यांनी एक निवडला, म्हणून ती निवड ही अभिव्यक्ती होय. प्रताधिकार आहे की नाही, हे निर्मितीच्या क्षणी पाहावे, नक्कल झाली त्या क्षणी नव्हे, असे त्या न्यायालयाने स्पष्ट म्हटले. ह्यातील पूर्वार्ध सोस्यूरचा कोणताही विद्यार्थी मान्य करील. चिन्ह यादृच्छिक असते; झाडाला झाड म्हणण्याचे निसर्गात काही कारण नाही. परंतु सोस्यूरच्या प्रतिपादनाचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. जे चिन्ह निवडताना यादृच्छिक असते तेच, समाजाने स्वीकारल्यावर, व्यक्तीला बंधनकारक होते. एकट्या माणसाने ठरवून ते बदलता येत नाही. सनपुढे पर्याय होते. पंधरा वर्षांनंतर जावा शिकून बसलेल्या लक्षावधी आज्ञावलीकारांपुढे एकही नव्हता. न्यायालयाने शब्दाच्या जन्माविषयी प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर शब्दाच्या आयुष्याला लागू केले. कालक्रमिक आणि एककालिक विचारांची ही गल्लत आहे, आणि अकरा वर्षांच्या वादाचे मूळ बहुतांशी तीतच आहे.

किंबहुना संगणकभाषेत रूढीचे बंधन मानवी भाषेहून अधिक कठोर असते. 'पाणी' ऐवजी कोणी 'जल' म्हटले तर ऐकणारा थोडा हसेल, पण पेला पुढे करील. आज्ञावलीत एका नावाचे एक अक्षर बदलले तर यंत्र काहीच करीत नाही. येथे समानार्थी शब्द ही वस्तूच नाही.

ओरॅकलचा दुसरा मुद्दा असा की सुटे शब्द कोणाचे नसले तरी त्यांची 'रचना, क्रम आणि संघटन' आमचे आहे. हा मुद्दा अमरकोशाच्या उदाहरणाने तपासता येतो. अमरसिंहाने शब्द घडविले नाहीत. परंतु तीन कांडे, कांडांत वर्ग, वर्गांत पर्यायांचे समूह, ही मांडणी त्याची आहे. आधुनिक कायदा त्या काळी असता तर मांडणीवर त्याचा हक्क मानणे गैर ठरले नसते, कारण मांडणी न उचलताही शब्द वापरता येतात. कवी 'अमृत' हा शब्द वापरतो तेव्हा तो स्वर्गवर्गातील आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. जावामध्ये मात्र शब्दाचा पत्ता शब्दातच गुंफलेला असतो : 'मॅथ' ह्या वर्गातील 'मॅक्स' हवा असेल तर 'मॅथ.मॅक्स' असेच लिहावे लागते. शब्द घेतला की मांडणी आपोआप आली. मांडणीची मालकी मान्य करणे म्हणजे मागील दाराने शब्दाचीच मालकी मान्य करणे होय. लोटस कंपनीच्या ताळेबंद-आज्ञावलीतील ४६९ आज्ञा व त्यांच्या पन्नासाहून अधिक याद्या बोरलँड कंपनीने घेतल्या, तेव्हा १९९५ साली अमेरिकेतीलच एका अपील न्यायालयाने ह्याच धर्तीचा विचार करून बोरलँडला मुक्त केले होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते चार विरुद्ध चार अशी समान पडली. तो निर्णय कायम राहिला, परंतु देशभर लागू होणारा दंडक निघाला नाही.

कोणी म्हणेल, जावा ही लोकांच्या तोंडी वाढलेली भाषा नव्हे, ती हेतुपूर्वक रचलेली कृती आहे. मराठीचे नियम तिला का लावावेत? ह्या आक्षेपाला उत्तर देणारे एक उदाहरण रचित भाषांच्याच इतिहासात आहे. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ साली 'लॉगलॅन' ही तर्कनिष्ठ भाषा रचावयास घेतली. तिच्या शब्दसंग्रहावर आपला हक्क आहे, अशी त्यांच्या संस्थेची भूमिका होती. अनुयायांपैकी एका गटाला ते बंधन मान्य नव्हते. त्यांनी १९८७ साली वेगळी संस्था काढली आणि हक्काचा वाद टाळण्यासाठी सगळे मूळ शब्द नव्याने घडविले. त्यासाठी चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन व अरबी ह्या सहा भाषांतील रूपांचा मेळ घालण्यात आला. ही भाषा म्हणजे 'लोज्बान'. पुढे १९९२ मध्ये न्यायालयाने 'लॉगलॅन' ह्या नावावरील व्यापारचिन्हाचा हक्क रद्द ठरविला. परंतु तो निर्णय केवळ नावापुरता होता, आणि तोवर शब्द बदलून झाले होते. व्याकरणाचा गाभा एकच असलेल्या दोन भाषा उरल्या, आणि आधीच मूठभर असलेला भाषकसमूह दुभंगला. जे जुने शब्द शिकले होते त्यांचे श्रम वाया गेले. रचित भाषेतही शब्दांचे मोल शिकणाऱ्यांच्या श्रमातून निर्माण होते. हे श्रम शब्द रचणाऱ्याच्या खात्यावर कसे जमा करावयाचे, हा खरा पेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात न्यायमूर्ती ब्रेयर यांनी ह्याच गोष्टीवर भर दिला : घोषणांचे मूल्य बऱ्याच अंशी त्या शिकण्यात वेळ घालविलेल्या आज्ञावलीकारांमुळे आहे.

तथापि गूगलला ह्या कथेतील निष्पाप नायक समजणे चूक होईल. सनने २००६ पासून जावा मुक्त परवान्याखाली उपलब्ध करण्यास आरंभ केला होता. त्या परवान्याची अट अशी की त्यावर आधारलेले कामही तितकेच मुक्त ठेवावे. ती अट गूगलने तेव्हा पत्करली नाही. शिवाय जावात लिहिलेली आज्ञावली अँड्रॉइडवर जशीच्या तशी चालत नसे. म्हणजे आज्ञावल्यांचा परस्परमेळ हा गूगलचा हेतू नव्हता, तयार माणसे मिळविणे हा होता. न्यायमूर्ती थॉमस यांनी आपल्या भिन्नमतपत्रात, ज्यास न्यायमूर्ती अलिटो यांची संमती होती, कायदा घोषणा आणि कृती असा भेदच करीत नाही, हे दाखविले आहे. कायद्याच्या शब्दांपुरते पाहिले तर त्यांचे म्हणणे खोडणे कठीण आहे. नामकरणाच्या श्रमाविषयी तर मराठी वाचकाला सांगावयास नकोच. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ज्यांनी चाळले आहेत, त्यांना एकेका नावामागे किती वाद असतो आणि बरे नाव किती दुर्मिळ असते, याची कल्पना आहे.

मग ओरॅकलचा आग्रह मान्य करण्यात अडचण कोणती? पहिली अडचण ओरॅकलच्याच इतिहासात सापडते. 'एसक्यूएल' ही विदासंग्रहाला प्रश्न विचारण्याची भाषा आयबीएम कंपनीच्या चेंबरलिन आणि बॉइस ह्या संशोधकांनी रचली व १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. ती भाषा स्वीकारून स्वतःचा कृतिभाग लिहून, १९७९ साली, म्हणजे आयबीएमच्या आधी, बाजारात आणणारी कंपनी म्हणजे ओरॅकल. परक्याने रचलेल्या शब्दसंग्रहावर स्वतःची इमारत उभारण्याची मोकळीक नसती तर वादी कंपनी उभीच राहिली नसती.

दुसरी अडचण मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्याचा मार्गच हा होता : बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सच्या आज्ञांची नावे व वागणूक तीच ठेवावयाची, आतील एकूण एक ओळ नव्याने लिहावयाची. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स त्याच वाटेने आले. विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या लिनक्सवर चालविणारा 'वाइन' हा १९९३ पासूनचा प्रकल्प तर संपूर्णपणे घोषणा त्याच, कृती आपली, ह्या तत्त्वावर उभा आहे. नावांवर मालकी बसली तर ह्या सर्वांचा पाया डळमळतो.

आणि येथेच २०२१ च्या निर्णयाची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने नावांवर प्रताधिकार आहे की नाही, हा प्रश्न सोडविलाच नाही. तो आहे असे वादापुरते गृहीत धरले आणि गूगलचा वापर न्याय्य होता, एवढेच ठरविले. 'न्याय्य वापर' हा बचाव आहे, आणि तो प्रत्येक खटल्याच्या परिस्थितीप्रमाणे सिद्ध करावा लागतो. गूगलला तो सिद्ध करण्यास अकरा वर्षे लागली. फावल्या वेळात, विनामोबदला, एखादा शब्दसंग्रह नव्याने साकारणाऱ्या चौघा-पाच जणांना पहिल्या वकिली पत्रापुढेच हात टेकावे लागतील. बलाढ्य कंपनीला खटला जिंकावा लागतोच असे नाही. तो चालू ठेवण्याची ऐपत पुरते.

युरोपीय न्यायालयाने २ मे २०१२ रोजी 'एसएएस' ह्या सांख्यिकी प्रणालीविषयीच्या वादात अधिक सरळ भूमिका घेतली. आज्ञावलीची कार्यक्षमता, ती लिहिण्याची भाषा आणि तिच्या विदाफाइलींचा आकृतिबंध ह्यांना आज्ञावलीविषयक निर्देशानुसार संरक्षण नाही, अन्यथा कल्पनांचीच मक्तेदारी होईल, असे ते न्यायालय म्हणते. तथापि भाषा व आकृतिबंध ह्या कर्त्याच्या स्वतंत्र बौद्धिक कृती ठरल्या तर त्यांना सर्वसामान्य प्रताधिकार मिळू शकेल, ही फट तेथेही राखलेली आहे.

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक पोटकलम आले. स्वतंत्रपणे रचलेल्या आज्ञावलीचा दुसरीशी मेळ बसविण्यासाठी आवश्यक माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसेल, तर ती मिळविण्यासाठी आज्ञावलीच्या कायदेशीर धारकाने केलेली कृती प्रताधिकाराचा भंग होत नाही, असे ते सांगते. पोटकलमाचे क्रियापद 'मिळविणे' हे आहे. मिळालेली नावे पुढे आपल्या आज्ञावलीत जशीच्या तशी लिहिण्याविषयी ते काही बोलत नाही.